मान सोडा की, काकू

लेकीच्या मते मला दोन दुखणी आहेत. एक मानेचं आणि दुसरं, मान दुखते हे मान्य न करण्याचं.

पहिल्यावर मिरजेत इलाज झाला. सांगलीकराचं दुखणं शेवटी मिरजेला जाऊनच टेकतं. १८९४ साली डॉक्टर वानलेस यांनी तिथं मिशनचा दवाखाना काढला, तेव्हापासून ते गाव सतारी आणि पेशंट या दोन गोष्टींवर नांदतंय. माझा एक्स-रे निघाला, मणक्यांमधलं अंतर कमी झालंय म्हणून सांगितलं, गळ्याला पट्टा आला, व्यायामांचा कागद आला. बँकेच्या काउंटरवर ३१ वर्षं मान खाली घालून काढली. आधी लेजरात, मग कीबोर्डात. मान मोडून काम केलं असं आपण सहज बोलून जातो. माझ्या बाबतीत ते फिल्मवर दिसत होतं.

दुसऱ्यावरचा इलाज लेकीनं शोधला. ती पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्या ५४व्या वाढदिवसाला तिचा फोन आला, "आई, पाचगणीजवळ तुझं वॉट्सूचं बुकिंग केलंय. पैसे भरलेत, परत मिळत नाहीत." शेवटचं वाक्य मुद्दाम होतं. पैसे वाया जाणार म्हटलं की मी कुठंही जाते, हे तिला पक्कं ठाऊक आहे. मला मात्र फोनवर ‘वाटसरू’ ऐकू आलं. दिवसभर मी धरून चालले होते की कुठलीतरी धर्मशाळा असणार.

तर वॉट्सू. वॉटर आणि शिआत्सू हे दोन शब्द जोडून केलेलं नाव. शिआत्सू म्हणजे बोटांनी, तळव्यांनी अंगावर दाब देत जाण्याची जपानी पद्धत. हॅरॉल्ड डल नावाचा सॅन फ्रान्सिस्कोचा एक कवी जपानला जाऊन मासुनागा यांच्याकडे ती शिकला आणि १९८०च्या सुमारास उत्तर कॅलिफोर्नियात, हार्बिन हॉट स्प्रिंग्ज या गरम झऱ्यांच्या ठिकाणी, लोकांना पाण्यावर तरंगत ठेवून तीच करून बघायला लागला. जमिनीवर निजलेल्या माणसाला ताण द्यायचा तर खालची जमीन आड येते. पाण्यात पाठीचा कणा सगळीकडून मोकळा. मूळ कल्पना एवढीच. हे काढणारा माणूस कवी होता हे ऐकून मला बरं वाटलं. डॉक्टरनं काढलं असतं तर त्यात पट्टा असता.

लेक स्वतः या प्रकाराकडे डोळे जरा बारीक करूनच बघते. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी २०२० साली वॉट्सूवरच्या सगळ्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, दुखण्यात आणि ताणात फरक पडलेला दिसतो, पण अभ्यास लहान लहान आहेत, असं तिनं मला समजावलं.

"म्हणजे गुण येतो की नाही?"

"येतो म्हणायला जागा आहे. शपथ घ्यायला नाही."

माझी खरी अडचण वेगळी होती. मला पोहता येत नाही. कृष्णाकाठी जन्मून पोहता न येणं हे सांगलीत जरा लाजिरवाणंच. माझे दोघे भाऊ सरकारी घाटावर पाठीला पत्र्याचा डबा बांधून शिकले. डब्याची हवा गेली की पोर बुडायचं, वरून कुणीतरी मामा-काका उडी टाकून दंडाला धरून बाहेर काढायचा, आणि पोराच्या पाठीत एक धपाटा बसायचा, जसं काही डबा त्यानंच फोडला. पोरं पुढं एवढी धीट झाली की आयर्विन पुलावरून पावसाळी पाण्यात सूर मारायची. मी या सगळ्यात होते, पण वरच्या पायरीवर. कपडे राखायला. दोन चड्ड्या, दोन सदरे, एक पंचा आणि माझी परकराची घडी. आता नदीत मगरी दिसतात म्हणून आया पोरांना घाटावर पाठवायला बिचकतात. त्या काळी आमच्या घरात फक्त मुलींना पाठवायला बिचकत असत.

आणि दुसरी गोष्ट २०१९ची. ती पुढं सांगते, कारण मीही तिथं पोचेपर्यंत ती डोक्यात येऊ दिली नव्हती.

सांगलीहून पाचगणीला जाताना आपण नदीला उलटं जातो. हे भूगोलात पाठ असतं, पण गाडीत बसून कळायला मला कराड यावं लागलं. कराडात कोयना कृष्णेला समोरासमोर येऊन भिडते, दोघी पाहुण्या एकाच दारात एकदम याव्यात तशी. मग साताऱ्याशेजारी माहुलीला वेण्णा. मग वाई, ढोल्या गणपती, घाटाच्या पायऱ्या, पसरणीचा घाट चढताना खाली धोमचं पाणी. प्रत्येक थांब्यावर नदी एकेका बहिणीला मागं सोडत बारीक होत चाललेली. बुकिंग दुसऱ्या दिवशी सकाळचं होतं, म्हणून संध्याकाळी क्षेत्र महाबळेश्वरला जाऊन आलो. पंचगंगेच्या देवळात दगडी गोमुखातून पाणी पडत होतं. मनगटाएवढी धार. लोक हात पुढं करून तीर्थ घेत होते. मीही ओंजळ धरली आणि मनात जे आलं ते देवळात यायला नको होतं. मला म्हणायचं होतं, बाई गं, एवढीशी आहेस तू इथं, मग सांगलीत आमच्या गावभागात येऊन तसं का केलंस?

रिसॉर्टबद्दल थोडक्यात. बासरी वाजत होती, ती कुठंच थांबत नव्हती. प्रत्येक दारावर ‘वेलनेस’ लिहिलेलं. काऊंटरवरच्या मुलानं मला ‘वेलकम ड्रिंक’ म्हणून कोमट पाण्यात आलं दिलं, जे मी घरी सर्दी झाल्यावर घेते. कपड्यांवरून मी रात्रीच लेकीशी भांडून घेतलं होतं आणि गुडघ्याखाली येणाऱ्या लेगिंग्ज, वर बाह्यांचा टी-शर्ट असा तह झाला होता. आतमध्ये काचेची खोली, खोलीत खोलीएवढाच हौद, छातीएवढं पाणी आणि त्यावर गुलाबाच्या पाकळ्या. पाकळ्या पाहून मला आपण नैवेद्य असल्यासारखं वाटलं. थेरपिस्ट मुलगी जाळीनं त्या गोळा करत होती. "दरवेळी टाकून ठेवतात," ती म्हणाली, "आणि नाकात जातात."

तिथंच माझं तिच्याशी जमलं.

ती कराडकडची निघाली, वयानं लेकीएवढी. ऑरोव्हिलच्या क्वाएट हीलिंग सेंटरमध्ये हे शिकून आलेली. तिनं आधी काठावर बसवून सगळं विचारलं: हृदयाचा त्रास आहे का, फिट येते का, अंगात ताप, कुठं उघडी जखम, कान फुटलेला. हात कुठं कुठं लागेल ते सांगितलं. नको वाटलं तर नुसता हात वर करायचा, बोलायचं नाही, ती तिथंच थांबणार. मग म्हणाली, "आणि काकू, बाथरूमला जाऊन या." मी म्हटलं, मला गरज नाही. ती म्हणाली, लागेल. पाण्याचा दाब पायांना जास्त, छातीला कमी. गळ्याएवढ्या पाण्यात पायातलं रक्त वर ढकललं जातं, अर्ध्या लिटरहून जास्त रक्त छातीकडं सरकतं, शरीराला वाटतं की पाणी फार झालं आणि मूत्रपिंडं कामाला लागतात. एवढ्या तपशिलानं मला बाथरूमला आजवर कुणी पाठवलं नव्हतं. मी गेले.

परत आले तेव्हा ती थर्मामीटर बघत होती. ३५ अंश. आपल्या हिशेबानं हे अंघोळीचं पाणीच नव्हे. आपल्याकडं अंघोळ म्हणजे कढत. पहिला तांब्या घेतल्यावर तोंडातून ‘हाय हाय’ आलं पाहिजे. माझी आजी गुडघ्यांसाठी एसटीनं घाट उतरून राजापूरजवळच्या उन्हाळ्यांना जायची आणि परत आली की पाणी किती भाजत होतं याच्याच गोष्टी सांगायची. न भाजणाऱ्या पाण्यानं गुण येतो यावर तिचा विश्वास बसला नसता. या हौदातलं पाणी मात्र पायऱ्या उतरताना गार नाही, गरम नाही, आणि दोन मिनिटांनी तर ते लागेनासंच झालं. ३५ अंशांना अंगातली ऊब पाण्यात जात नाही, पाण्याची अंगात येत नाही. आपण कुठं संपलो आणि पाणी कुठं सुरू झालं हे कातडीला सांगता येत नाही.

हे पाणी मी ओळखत होते. थर्मामीटर नसताना ते करणारं एक माणूस आमच्या घरात होतं.

आई बंबातलं पाणी घंगाळात काढायची, त्यात गार पाण्याचं विसण घालायची आणि कोपर बुडवून बघायची. हातानं नाही, कोपरानं. हाताला सवय झालेली असते, तो खोटं सांगतो, असं ती म्हणायची. पुन्हा थोडं विसण, पुन्हा कोपर. मग पाटावर पाय लांब सोडून बसायची आणि बाळाला पायांवर पालथं घ्यायची. माझी लेक तिच्या पायांवरून गेली, भाच्या गेल्या, आणि गावभागातल्या आमच्या गल्लीतली निम्मी पोरं गेली, कारण तिचा हात हलका म्हणून बोलावणी यायची. तेल, मग साय नि डाळीचं पीठ, मग पाणी. पाणी ओतताना बाळाला उताणं केलं की तिचा डावा तळवा त्याच्या मानेखाली असायचा आणि ती काय वाटेल ते बोलत असली, कुणाच्या सुनेबद्दल, तुरीच्या भावाबद्दल, तरी तो तळवा हलायचा नाही.

"आता मागं रेला," मुलगी म्हणाली.

तिनं माझ्या गुडघ्यांच्या वर फोमचे तरंगते पट्टे बांधले होते. एक हात डोक्याखाली घातला, दुसरा कंबरेखाली, माकडहाडाच्या जरा वर. माझे पाय फरशीवरून सुटले. कान पाण्यात गेले आणि बासरी एकदाची बंद झाली. श्वास आत घेतला की मी वर यायची, सोडला की बोटभर खाली. सुरुवातीला ती एवढंच करत होती, म्हणजे काहीच करत नव्हती. माझ्या श्वासाबरोबर उभी होती.

लेकीनं गणित सांगून ठेवलं होतं: गळ्याएवढ्या पाण्यात माणसाचं वजन दहाव्या हिश्श्यावर येतं. माझे ६८ किलो म्हणजे जेमतेम ७. हात सात किलोचे झाले, पाय झाले, कंबर झाली. मान होईना. तिच्या तळव्यावर माझं डोकं टेकलेलं होतं, पण ते धरून मीच ठेवलं होतं. पाहुण्यांच्या घरी सोफ्याच्या कडेवर बसतात तसं.

तिनं वाकून, माझा एक कान पाण्याबाहेर येईल इतपत मला उचललं आणि म्हणाली, "मान सोडा की, काकू."

मी म्हटलं, सोडलीय.

"न्हाई सोडली."

मराठीत मानेला कामं फार. ती ताठ ठेवायची, वर करायची, खाली घालायची, मोडायची, तिच्यावर जू घ्यायचं, तिच्यावर खडा ठेवायचा. ‘सोडा’ असं मात्र तिच्याबद्दल कुणी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. टाकायची म्हटली तर अर्थ थेट स्मशानात जातो. वासरानं मान टाकली, रोपानं मान टाकली. कुणाच्या मांडीवर विश्वासानं मान ठेवावी तर पुढच्या वाक्यात तो गळा कापणार हे ठरलेलं. आपल्या भाषेत मान दुसऱ्याच्या हाती असायला फक्त एका वयात परवानगी आहे. पोर तीन महिन्यांचं झालं की शेजारणी विचारतात, मान धरली का हो? धरली म्हटलं की आनंद. त्यानंतर ती आपली आपण धरायची, जन्मभर. मी ५४ वर्षं फार चांगली धरली होती.

आणि मग कुठूनतरी तो आवाज आला. पाण्याखाली आवाज फार लांबून आणि फार जवळून एकदमच येतो. हौदाचा पाइप असेल, पंप असेल. टक्. थांबून, टक्क. माझी मान लाकडासारखी झाली.

२०१९च्या ऑगस्टमध्ये मी गावभागातल्या जुन्या घरी आईला आणायला गेले आणि पुरात अडकले. धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ला पाणी ५३ फुटांवर गेलं होतं आणि आमच्या उंबऱ्यावरच्या तेव्हाच्या खुणेवर आईचा देवाइतका विश्वास होता: त्याच्या वर येत नाही. या वेळी आयर्विन पुलापाशी ते ५७ फुटांच्या वर गेलं. खूण पहिल्याच रात्री पाण्याखाली गेली. आम्ही दोघी माडीवर. तळमजला तक्तपोशीपर्यंत भरला. लाइट नाही, मोबाइल मेलेले. आणि खालच्या अंधारात काहीतरी आमच्या फळ्यांना खालून ठोकत होतं. टक्. थांबून, टक्क. मी उशीवर डोकं ठेवलेलं, आणि ते बरोबर उशीखाली. माणूस असेल का, या विचारानं मी पहिली रात्र बसून काढली. दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "सिलिंडर असेल." स्वयंपाकघरातला गॅसचा रिकामा सिलिंडर. रिकामा सिलिंडर तरंगतो हे मला तोवर माहीत नव्हतं. खरी गोष्ट कळल्यावरही झोप आली नाही. आपल्या घरातली रोजची वस्तू पाण्याच्या बाजूनं होऊन आपल्यालाच खालून ठोकते आहे, हे जास्त वाईट होतं.

तिसऱ्या दिवशी बोट माडीच्या गॅलरीला लागली. मी कशीबशी उतरले. आई ७५ची. जवान तिला उचलायला वाकला आणि म्हणाला, "माँजी, मेरी गर्दन पकड़ो." आईनं त्याची गर्दन धरली नाही. दोन्ही हात पोटाशी, मान ताठ, डोळे समोर; त्यानं तिला उचललं ते देव्हाऱ्यातली मूर्ती उचलावी तसं. बोटीत बसल्यावर तिचं पहिलं वाक्य, "मी माझी उतरले असते." पुढं कितीतरी दिवस मी हे वाक्य नातेवाइकांना हसत हसत सांगत असे. गंमत वाटायची. रात्री कुठं नळ ठिबकला, कुलूप हललं, की उठून बसायचे, ते मात्र कुणाला सांगितलं नाही. मानेचा पहिला दुखरा दिवस डॉक्टरांनी विचारला तेव्हा मी बँकेतल्या एका मार्चअखेरचा सांगितला. तो खोटा नव्हता.

मुलीनं विचारलं नाही. तिच्या हाताला कळलं असणार, कारण ती नुसती थांबली. हलवणं बंद. मी हात वर करायच्या बेतात होते. खाली पाऊल टेकवलं तर फरशी होती, छातीएवढंच पाणी, हे डोक्याला कळत होतं. मग कधीतरी लक्षात आलं की टक् चालूच आहे आणि मी मोजत नाहीये. मी श्वास मोजत होते; वर, खाली. तळवा तिथंच होता. त्याला माझ्याकडून काही नको होतं, आणि तो कंटाळतही नव्हता.

मान कधी सुटली ते सांगता येणार नाही. सुटल्यावर कळलं, कारण डोकं एकाएकी जड झालं. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलो भरतं म्हणे. एवढं वजन मी रोज सकाळी उचलून संध्याकाळपर्यंत वागवते, हे त्या क्षणी हिशेबात आलं.

त्यानंतर ती मला फिरवायला लागली. डावीकडं, उजवीकडं, लांब वळसे घेत, ओढ्यातलं शेवाळ हलतं तसं. गुडघा पोटाशी आणून सोडला, हात डोक्यावरून लांब नेला, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं दाबत उतरली. एकदा तर तिनं मला चक्क मांडीवर घेतलं, डोकं तिच्या खांद्याशी. मी डोळे किलकिले करून पाहिलं, ५४ वर्षांची बाई २६ वर्षांच्या पोरीच्या मांडीवर. लाज येईल असं वाटलं होतं. आलीही असेल, पण तिला माझ्यापर्यंत पोचायला उशीर झाला.

तासाभरानं तिनं मला भिंतीशी आणलं, पाठ टेकवली, पावलं फरशीला लावली आणि हात काढून घेऊन दोन पावलं मागं सरकली. हात काढून घेताना तिनं जो वेळ घेतला तो मला सगळ्यात आठवतो. पायऱ्या चढताना एकेक किलो परत अंगावर आला. शेवटच्या पायरीवर पूर्ण ६८.

अशा वेळी पुष्कळांना रडू येतं असं लेकीनं सांगून ठेवलं होतं, आणि ती बाहेर रुमाल घेऊन बसली होती. मला भूक लागली. पाचगणीच्या बाजारात मी दोन कणसं खाल्ली, आणि घाट उतरल्यावर जी झोपले ती कराडला गाडी थांबल्यावर उठले. गळ्याला पट्टा नव्हता. चार दिवस मान हलकी होती, पाचव्या दिवशी दुखली. पट्टा खुंटीवर होता तो काढला. चमत्कार बिमत्कार काही नाही. शिवाय त्या एका तासाला जेवढे पैसे पडले तेवढ्यात माझं महिन्याभराचं दूध नि भाजी येते. लेकीनं आकडा लपवला होता, मी तिच्या फोनवर पाहिला. अशी गोष्ट काचेच्या खोलीत, बासरीच्या पलीकडं, पाकळ्यांखाली ठेवावी लागते याचा मला रागही आला. हार्बिनचं ते मूळ ठिकाण २०१५ साली वणव्यात जळालं, असं नंतर वाचलं. पाण्याचं ठिकाण आगीत गेलं. वाचून मी बराच वेळ त्या गावच्या लोकांचाच विचार करत बसले. त्यांच्याही घरात आता कुठल्यातरी आवाजाला कुणी उठून बसत असेल.

आई आता माझ्याकडं, विश्रामबागेत असते. पुरानंतर ती गावभागात परत राहायला गेली नाही. गेल्या वर्षी खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून अंघोळ मी घालते. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवायचं, बादलीत गीझरचं पाणी, तांब्या. तिला ते पसंत नाही. साबण तिचा तीच लावते, मला फक्त पाठ देते, तीही उपकार केल्यासारखी. केस धुताना डोकं मागं करायला सांगितलं की करते, पण स्वतःच्या ताकदीवर. गळ्याच्या शिरा ताणलेल्या, हनुवटी वर, जवानाच्या हातातली तीच मूर्ती.

पाचगणीहून आल्यावर पहिल्या रविवारी मी तिच्या मागं स्टूल घेऊन बसले. एरवी उभी असते. डावा तळवा तिच्या डोक्याखाली, जिथं कवटी संपून मान सुरू होते तिथं घातला. आणि काही केलं नाही.

"काय करतेस?"

"काही नाही. केस धुतेय."

"मग पाणी ओत की."

ओतलं. पुढच्या रविवारीही तसंच. तिचा श्वास बघायचा, आपला त्याच्यामागं लावायचा, तळवा हलू द्यायचा नाही. एकदा मी कराडच्या त्या मुलीसारखं "मान सोड" म्हणून पाहिलं. "कशाला? पडेल," आई म्हणाली. मी पुन्हा म्हटलं नाही. पाणी मात्र मी आता कोपरानं बघते. एकदा मी कोपर बुडवताना तिनं पाहिलं. बोलली काही नाही, फक्त बादलीकडं बोट करून अजून अर्धा तांब्या विसण घालायची खूण केली.

मागच्या रविवारी बाहेर पाऊस होता. पन्हळीचं पाणी पत्र्यावर पडत होतं, टपाटपा, आणि आम्ही दोघीही ते ऐकतोय हे दोघींना माहीत होतं. मी नदीची पातळी सकाळीच बघून ठेवली होती, तिनंही पेपरात बघितली असणार. शिकेकाईचं पाणी तिच्या केसांतून खाली जात होतं. ती लाडेगल्लीतल्या कुणाच्यातरी नातवाबद्दल सांगत होती, त्याचं जावळ, त्याच्या आईचा हात कसा जड आहे, पोर कसं रडतं. सांगता सांगता वाक्य अर्धं राहिलं. मला वाटलं आठवतेय.

मग माझ्या तळव्यावर वजन आलं. सगळं एकदम. मी उजव्या हातातला तांब्या हळूच बादलीच्या काठावर टेकवला.

डोळे मिटलेले. तोंड जरासं उघडं. श्वास वर, श्वास खाली. माझ्या मनगटाला रग लागली, मानेत कळ निघाली, मी हलले नाही. किती वेळ ते माहीत नाही. बादलीवरची वाफ दिसेनाशी झाली इतका.

"अगं," डोळे न उघडता आई म्हणाली, "गारठलं पाणी. कढत घाल थोडं. आणि हात काढू नकोस."